मळीवर धावणारी मोटार

दिवाळी उलटली की शिरूर-दौंडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकणं ठरलेलं. पाटस किंवा आलेगावच्या साखर कारखान्याकडे जाताना आधी गोडसर-आंबूस वास येतो, चिमणी नंतर दिसते. हा वास मळीचा. टनभर ऊस गाळून साखर काढली की चाळीस-पंचेचाळीस किलो मळी उरते. ती आंबवली, गाळली की दहाएक लिटर इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल, हाती येतं. आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये ते वीस टक्क्यांपर्यंत असतं.

गाडीला दारू पाजण्याचा हा उद्योग आपल्याला नवा वाटतो. इंग्लंडात क्लीव्हलँड पेट्रोलियम या कंपनीने तो १९२८ मध्येच सुरू केला होता. तिच्या इंधनाचं नाव डिस्कॉल. त्यातलं अल्कोहोल यायचं डिस्टिलर्स कंपनीकडून, म्हणजे व्हिस्कीवाल्यांकडून! अल्कोहोलमुळे इंजिनातली ठकठक (नॉकिंग) कमी होते, म्हणून वेगाची हौस असणाऱ्यांना ते आवडे. डिस्कॉल १९६८ पर्यंत विकलं गेलं.

तेव्हाही या मिश्रणाचा खरा वैरी पाणीच होतं. साध्या ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल ९५-९६ टक्क्यांपुढे शुद्ध होत नाही. उरलेलं पाणी पेट्रोलमध्ये गेलं की थर पडतात: वर पेट्रोल, तळाशी पाणी आणि अल्कोहोल. म्हणून आता डिस्टिलरीत अल्कोहोलची वाफ बारीक छिद्रांच्या मण्यांमधून नेतात. पाण्याचा रेणू छिद्रात अडकतो, इथेनॉलचा थोराड रेणू पुढे सरकतो. मात्र लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच. गाडीचं ॲव्हरेज पडलं ही दुचाकीवाल्याची कुरकुर त्यामुळे अगदीच खोटी नाही.

आपल्याकडे मळीच्या इंधनासाठी १९४८ मध्ये पॉवर अल्कोहोल कायदा झाला. तो निम्म्या शतकात फारसा कुणाच्या कामी आला नाही आणि २००० मध्ये रद्दही झाला. गंमत अशी, की पुढच्याच वर्षी सरकारने मिश्रणाचे प्रयोग सुरू केले. महाराष्ट्रातल्या प्रयोगांपैकी एक होता मनमाडच्या डेपोत आणि दुसरा मिरजेत. २०१३-१४ मध्ये देशभरात मिश्रण जेमतेम दीड टक्का होतं. जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर पोचलं.

रसायनशास्त्राचं कोडं कधीच सुटलंय, धोरणाचं तसं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला ऐन हंगामात अचानक बंदी घातली. आठवडाभरात ती सैल केली, पुढच्या हंगामात उठवलीही. पण कर्ज काढून डिस्टिलरी उभारणाऱ्या कारखान्याचं गणित असं आठवड्याच्या हिशेबावर चालत नाही. माझ्या मते ऊसउत्पादकाला चढ्या दरापेक्षा पाच वर्षं न बदलणारा नियम जास्त उपयोगी पडेल.

आणि क्लीव्हलँड? ती पुढे एस्सो या तेल कंपनीच्या ताब्यात गेली. एस्सोचा भारतातला कारभार १९७४ मध्ये सरकारने घेतला आणि त्याची हिंदुस्तान पेट्रोलियम झाली. साखर कारखान्यांचं इथेनॉल विकत घेणाऱ्या तीन मोठ्या सरकारी तेल कंपन्यांपैकी ती एक.