लाखाला दीड हजार

क्रेडिट कार्डाचा पहिला नियम शहरातला कुणीही सांगेल: मुदतीच्या आत पूर्ण रक्कम भरा, किमान रकमेच्या नादी लागू नका. वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात हा नियम दर साली पाळणारी माणसं आहेत, मार्च संपायच्या आत पै न पै भरतात आणि तरी त्यांच्या नावावरचं कर्ज दर साली वाढतं, असं तिथल्या एका परिचिताने बोलता बोलता सांगितलं. मला ते गणित सुटेना. म्हणून 2025 च्या मार्चअखेरीला, पाडव्याच्या तोंडावर, मी कुरुंदा गाठलं.

कार्ड म्हणजे किसान क्रेडिट कार्ड. 1998 मध्ये ही योजना आली, नाबार्डने तिचा आराखडा केला आणि 2012 च्या सुधारणेनंतर एटीएममध्ये चालणारं कार्डही तिला जोडलं गेलं. गावात मात्र त्याला कार्ड कुणी म्हणत नाही. ‘पीककर्ज’ म्हणतात, ‘कर्ज उचललं’ म्हणतात. एका आजीने पासबुकाच्या प्लॅस्टिक पिशवीतून ते काढून दाखवलं. शेजारी पिनचं पाकीट, अजून न फाडलेलं.

या दिवसांत कुरुंद्यात घरं दिसायच्या आधी शिजत्या हळदीचा वास येतो. मातकट, उग्र, घशाशी रेंगाळणारा. शेतात लोखंडी कुकर लावलेले असतात, वाफेवर हळद शिजते, मग पंधरा-वीस दिवस उन्हात वाळते, पॉलिश होते आणि वसमतच्या नाहीतर हिंगोलीच्या बाजारात जाते. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गावचा टोकाई सहकारी साखर कारखाना आहे, ऊस आहे, सोयाबीन आहे. पण मार्चमध्ये हात पिवळे असतात ते हळदीने.

त्या हातांमुळेच मी बँक मित्राच्या टेबलापाशी अडकलो. शाखेतली गर्दी एकदा पाहून झाली होती. गावात बँकेचे व्यवहार करून देणारा हा माणूस रस्त्याकडेच्या एका गाळ्यात बसतो. लॅपटॉप, अंगठ्याचं यंत्र, पावत्यांचा छोटा प्रिंटर आणि एक ओलं फडकं, एवढाच पसारा. हळद काढून, निवडून, शिजवून बोटांवरच्या रेघा झिजलेल्या असतात. यंत्र अंगठा ओळखत नाही.

“मामा, पुसून घ्या अन् दाबू नका, नुसतं ठेवा.”

मामा पुसतात, ठेवतात. यंत्र नकार देतं. मग तर्जनी, मग डावा हात. चौथ्या खेपेला हिरवा दिवा लागला की मामा असे हसतात, जणू परीक्षेत पास झाले. दिवसभरात हे किती वेळा होत असेल! बँक मित्राचा आवाज एकदाही चढला नाही. व्यवहारामागे मिळणाऱ्या थोडक्या कमिशनवर हे काम करणारा माणूस फडकं पुन्हा पुन्हा भिजवत, पिळत होता. शाखेतल्या काउंटरच्या काचेपलीकडे इतका धीर मला दिसला नव्हता.

त्याच्या मागच्या भिंतीवर कालनिर्णय. मार्चच्या पानावर 20 तारखेपासून पुढे पेन्सिलीने नावंच नावं. रक्कम कुठेही नाही, नुसती नावं आणि तारखा. ज्यांची मुदत संपत आली त्यांना हा आठवडाभर आधी फोन करतो. बँकेने ते काम त्याला दिलेलं नाही आणि त्याचे पैसेही देत नाही.

“तारीख हुकली की लोक मलाच बोलतात, मालक,” तो म्हणाला. “म्हणून लिहून ठेवतो.”

तारखेला एवढं महत्त्व कशाने? 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज शेतकऱ्याला 7 टक्क्यांनी मिळतं. मुदतीत फेडलं तर केंद्राची 3 टक्के सूट, म्हणजे उरले 4. त्यातलंही बहुतेक राज्य सरकार डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून मागाहून भरून देतं. वेळेवर फेडणाऱ्याला कर्ज जवळपास बिनव्याजी पडतं. मुदत हुकली की दोन्ही सवलती गेल्या, वर थकबाकीदाराचा शिक्का. कागदावर पाहिलं तर पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही क्रेडिट कार्डापेक्षा हे कार्ड शंभर पटीने चांगलं आहे.

आता हळदीकडे पाहू. मे-जूनमध्ये लागवड, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. मार्चअखेरीला बँक आणि सोसायटी दोघांचीही वसुली टिपेला पोचते, तेव्हा माल अजून ताडपत्रीवर वाळतोय किंवा पॉलिशच्या रांगेत आहे. पैसा येणार एप्रिल-मेमध्ये. शिवाय भाव चढेल या आशेने माल थांबवावासा वाटतो, आणि ती आशा खुळी नाही: 2023 च्या वसंतात सहा-सात हजार रुपये क्विंटलने गेलेली हळद 2024 मध्ये पंधरा हजारांच्या वर विकली गेली. सोयाबीन ऑक्टोबरात निघतं, त्याला फेडीपर्यंत पाच महिने सापडतात. हळदीला पाच दिवसही सापडत नाहीत.

मग पूर्ण रक्कम भरायची कशाने?

“नवं-जुनं करायचं,” टेबलापाशी उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, यात काय विचारायचं अशा थाटात. आठ दिवसांसाठी कुणाकडून तरी पैसे घ्यायचे, जुनं कर्ज व्याजासकट भरायचं, बँक नवं मंजूर करते, ते उचलून त्याचे त्याला परत.

“आठ दिवसांचे तो काय घेतो?”

“लाखाला दीड हजार.”

दीड हजार ऐकायला किरकोळ वाटतात. राज्याच्या 2014 च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला 12 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. त्या दराने एका लाखाचं आठ दिवसांचं व्याज होतं 263 रुपये. लाखाला दीड हजार म्हणजे वर्षाच्या हिशेबाने 68 टक्क्यांच्या आसपास. आणि हे पैसे देणाऱ्याकडे परवाना वगैरे काही नसतो. गावातलाच कुणी, ओळखीचा, वेळेला धावून येणारा. त्याच्याविषयी तिथे वाईट बोलणारं मला कुणी भेटलं नाही. आठ दिवसांत मूळ रक्कम परत मिळायची खात्री असते ती बँकेच्या भरवशावर, हे मात्र कुणी मोठ्याने म्हणत नाही.

मी बँक मित्राच्याच कागदावर आकडे मांडले. मंजूर कर्ज 1 लाख. भरायचे 1,04,000, कारण राज्याचा वाटा नंतर येणार. दर वर्षी मर्यादा 10 टक्क्यांनी वाढवता येते, तशी वाढली तर नवं कर्ज 1,10,000. त्यातून मध्यस्थाचे 1,04,000 आणि त्यावरचे साधारण 1,560 गेले की हातात उरतात साडेचार हजारांच्याही आत. कर्ज दहा हजारांनी वाढलं; बियाण्याला, खताला, मजुरीला मिळाले साडेचार. असंच चाललं तर पाचव्या वर्षी त्या लाखाचे 1,46,410 झालेले असतात आणि या सगळ्या काळात खातं एकदाही थकलेलं नसतं. बँकेच्या तक्त्यात वसुली चोख, शेतकरी नियमित, सरकारची सवलत योग्य हातात. आपापल्या कागदापुरता प्रत्येकजण खरं बोलतोय.

बँक मित्राने कागद वाचला, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. म्हणाला, “हे सगळ्यांना माहीत हाय. लिहून कुणी बघत नाही.”

हळद नसलेल्या शिवारातही नवं-जुनं चालतं, हे सांगायला हवं. तिथे कारण बहुतेकदा वेगळं असतं: नापिकी, आजारपण, लग्न. 2022 च्या जुलैत अतिवृष्टीने या गावातच पाणी शिरलं होतं. अशा वर्षानंतर पुनर्गठन मिळतं खरं, पण त्याने कर्ज पुढच्या सालांवर पसरतं, जात नाही. 2017 आणि 2019 च्या कर्जमाफ्यांच्या आठवणीही ताज्या आहेत. निवडणुकीच्या घोषणा ऐकून यंदा भरायचंच नाही म्हणणारे होतेच. 28 मार्चला तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी बारामती तालुक्यात सांगून टाकलं, 31 तारखेच्या आत पीककर्ज भरा. दुसऱ्या दिवशी बँक मित्राच्या गाळ्यातली रांग वाढलेली होती. 30 ला रविवार आणि पाडवा, 31 ला ईद. ज्याला त्याला घाई.

त्या गर्दीत एक मुलगा होता, चाकणच्या कंपनीत कामाला, सणाला गावी आलेला. वडिलांसाठी त्याने गावातल्या कुणापुढे हात पसरला नव्हता, याचा त्याला अभिमान. पुण्यात एका दुकानात साठ हजारांना क्रेडिट कार्ड घासून रोख आणली होती. दुकानदार खरेदीची खोटी पावती करतो, अडीच टक्के कापतो आणि बाकीचे हातात देतो.

“किती कापले?”

“दीड हजार.”

मी बँक मित्राकडे पाहिलं. तो अंगठ्याचं यंत्र पुसत होता, पण त्याने ऐकलं होतं.

मुलाची योजना सरळ होती: वडिलांचं नवं कर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हातात पडेल, कार्डाचं बिल भरायची तारीख त्यानंतरची, मधले दिवस बिनव्याजी. हे डोकं शहराने दिलेलं, आणि आकड्यांत चूक नाही. मी परत आल्यावर एप्रिलच्या मध्यात त्याचा फोन आला. नव्या कर्जाची मंजुरी लांबली होती. बिल आलं साठ हजारांचं, खाली किमान रक्कम 3,000. तेवढी त्याने भरली.

इथे कार्डाची यंत्रणा नीट समजून घ्यायला हवी, कारण बिलावर ‘किमान देय’ हे शब्द ठळक असतात आणि व्याजाचा दर बारीक अक्षरांत. पूर्ण रक्कम भरली नाही की बिनव्याजी दिवस मागे जाऊन रद्द होतात. व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं आणि त्या महिन्यात केलेल्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून चालू होतं. महिन्याला साडेतीन टक्के हा नेहमीचा दर धरला तर साठ हजारांवर 2,100, त्यावर 18 टक्के जीएसटी 378. म्हणजे भरलेल्या तीन हजारांतले 2,478 व्याजात आणि करात गेले, मुद्दल कमी झालं 522 रुपयांनी. वर्षाला हा दर 42 टक्के पडतो. ग्राहक आयोगाने 2008 मध्ये 30 टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये तो निकाल बाजूला सारला. आता वरची मर्यादा बँकेच्या मर्जीवर. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर एक दिवसाचीही सूट नाही, वर शुल्क वेगळं. आणि दुकानात खोटी खरेदी दाखवून रोख घेणं बँकेच्या नजरेस आलं तर कार्डच बंद होऊ शकतं.

गावातला लाखाला दीड हजारवाला निदान आठ दिवसांनी थांबतो. कार्ड थांबत नाही. मला विचाराल तर दोघांत ते जास्त धोक्याचं.

हेच किसान कार्ड नीट वापरणाऱ्या एक बाई मला कुरुंद्यात भेटल्या. बचत गटाचा हिशेब त्याच लिहितात. त्यांच्या घरी मंजूर झालेलं कर्ज एका दमात उचलत नाहीत. हे खातं कॅश क्रेडिटचं असतं: जेवढे पैसे जितके दिवस बाहेर, तेवढंच व्याज. जूनमध्ये बेण्यापुरते, ऑगस्टमध्ये खतापुरते काढायचे. नोव्हेंबरात सोयाबीनचे पैसे आले की थेट खात्यात भरायचे, लागले तर पुन्हा काढायचे. मार्चमध्ये भरायला उरतं ते थोडं. आजूबाजूचे लोक मंजुरीच्या दिवशीच सगळी रक्कम काढतात, कारण पुन्हा मिळेल याचा भरवसा नाही. बाईंना मी हे म्हटलं, तर त्या म्हणाल्या, “बँक देत नाही म्हणून नाही हो दादा. घरात पैसा दिसला की सगळ्यांना कामं आठवतात.”

शिवाय हळद तयार असेल तर ती मिळेल त्या भावात विकायची गरज नसते. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990 पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 6 टक्के व्याजाने 180 दिवसांसाठी मिळते. लाखाला आठ दिवसांचे सव्वाशे-दीडशे रुपये. अट एकच, माल वाळून पॉलिश झालेला हवा. 28 मार्चला ताडपत्रीवर पसरलेल्या हळदीला हा रस्ता बंद असतो.

म्हणजे सगळं पुन्हा तारखेवर येतं. आणि तारीख ही काही दगडावरची रेघ नाही. परतफेडीची मुदत त्या त्या पिकाच्या काढणीचा आणि विक्रीचा अंदाजे काळ पाहून बँकेने ठरवावी, असं किसान क्रेडिट कार्डाच्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनांतच लिहिलेलं आहे. मात्र अर्जावर पीक सोयाबीन आणि रानात हळद असेल, तर बँक मुदत सोयाबीनचीच लावणार. तेव्हा हळदवाल्या शेतकऱ्यांना विनंती एवढीच: मे महिन्यात अर्ज भरताना पिकाच्या रकान्यात हळद लिहा, ई-पीक पाहणीत तीच नोंदवा, मुदत हळदीच्या बाजाराप्रमाणे लावून द्यावी असा साधा लेखी अर्ज शाखेत द्या, आणि त्याची सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.