चेन ताणावी, पण किती?

मोटरसायकलची चेन आवाज करू लागली की गॅरेजमध्ये जाऊन ती ‘टाइट’ करून घ्यायची, ही अनेक दुचाकीस्वारांची सवय. चेन जितकी ताठ तितकी चांगली, असा समज त्यामागे असतो. वस्तुतः तो चुकीचा आहे. चेनला थोडी ढील लागतेच.

गाडीवर दोघे बसले किंवा चाक खड्ड्यातून गेले, की मागचे चाक वर-खाली होते. त्या वेळी इंजिनाकडील आणि मागच्या चाकावरील स्प्रॉकेटमधले अंतर बदलते. ते वाढले की सैल चेन ताणली जाते. आधीच ताठ असलेल्या चेनला मात्र वाव उरत नाही आणि सारा भार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. याउलट, फार सैल चेन स्प्रॉकेटवरून उतरू शकते. धावत्या गाडीचे मागचे चाक त्यामुळे जाम झाल्यास अपघात अटळ ठरतो.

चेन सैल होते ती पोलाद ताणले गेल्याने नव्हे. तिच्या शंभराहून अधिक कड्यांच्या पिना व बुश झिजतात आणि ही सूक्ष्म झीज एकत्र होऊन लांबी वाढते.

तपासणी घरीही करता येते. इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये मेन स्टँडवर लावावी. चालू इंजिनावर चेनला हात लावणे म्हणजे बोटे गमावण्यास निमंत्रण. खालच्या बाजूची चेन मध्यभागी बोटाने वर-खाली हलवून पाहावी. शहरात वापरल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांत ही हालचाल साधारण २० ते ३० मिलिमीटर असावी. नेमका आकडा गाडीच्या माहितीपुस्तिकेत असतो. झीज सर्वत्र सारखी नसल्याने चाक फिरवत मोजावे आणि चेन सर्वांत ताठ असेल तिथले माप धरावे.

ढील जास्त असल्यास एक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरवावेत. दोन्हीकडच्या खुणा जुळल्या नाहीत, तर चाक तिरके बसते. नट घट्ट आवळल्यावर ढील पुन्हा मोजावी. मागे ड्रमब्रेक असेल तर तोही तपासावा. चाक मागे सरकल्याने ब्रेकचा रॉड ताणला जातो आणि ब्रेक घासत राहतो.

स्प्रॉकेटचे दाते आकड्यासारखे वाकलेले दिसले, तर मात्र ताणण्याचा उपयोग नाही. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलणे इष्ट.