पॅनेलच्या पाठीवरचा शिक्का

सूर्याच्या उजेडापासून वीज तयार होते हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. परंतु ज्या काचेच्या पॅनेलातून ती वीज येते, ते पॅनेल विक्रीला येण्यापूर्वी त्याला कोणकोणत्या परीक्षा द्याव्या लागतात, त्या कोण घेतो आणि उत्तीर्ण झाल्याच्या दाखल्याचा नेमका अर्थ काय, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील? मला तरी सांगता येत नव्हते. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आजोळी गेलो आणि मामांमुळे हा विषय गळ्यात पडला.

माझे आजोळ तिगाव. नागपूर-इटारसी लोहमार्गावरचे, पांढुर्ण्याजवळचे हे गाव. पूर्वी ते छिंदवाडा जिल्ह्यात होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मिळून पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला. राज्य मध्य प्रदेश, घरातली बोली मराठी आणि कचेरीतला कागद हिंदी. आपल्याकडे मराठी-कानडीचे जसे आहे तसेच तिकडे मराठी-हिंदीचे, त्यामुळे मला तेथे परके वाटत नाही.

मामांची संत्र्याची बाग आहे. घराच्या धाब्यावर तीन किलोवॉटची सौर यंत्रणा बसवायची असे त्यांनी ठरवले होते आणि दोन ठिकाणांहून दरपत्रके आणली होती. दोन्हींत ५४० वॉटची सहा पॅनेले. एका दुकानदाराचा भाव मात्र वॉटमागे चार रुपयांनी कमी, म्हणजे ३२४० वॉटला बारा हजार नऊशे साठ रुपयांची बचत. मामांनी त्याला पाच हजार रुपये इसारही देऊन टाकला होता. दोन्ही कागद माझ्यापुढे टाकून ते म्हणाले, "भाचे, तू कॉमर्सवाला. पाहून सांग, फरक काहाचा आहे?"

मला काहीच सांगता आले नाही. दोन्ही कागदांवर 'प्रमाणित' असा शब्द होता. स्वस्त कागदावर तर तो तीनदा होता.

पहिली गोष्ट मापाची. पूर्वी गावोगावची पायली वेगळी असे. एका बाजारचा शेर दुसऱ्या बाजारात चालत नसे. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर दशमान पद्धत आली आणि तो घोळ मिटला. सौर पॅनेल वॉटवर विकले जाते, तेव्हा 'वॉट' कुठल्या उन्हातला, हे आधी ठरायला हवे. जगभर ते असे ठरले आहे : चौरस मीटरला १००० वॉट इतका प्रकाश आणि पॅनेलमधील सेलचे तापमान २५ अंश. म्हणजे ५४० वॉटचे पॅनेल मे महिन्यात तिगावच्या धाब्यावर ५४० वॉट देणार नाही. भर दुपारी सेल सहज ६५ अंशांपर्यंत तापतो आणि दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के वीज घटते. म्हणजे चाळीस अंशांना १४ टक्के गेले, उरले ४६४ वॉट. यात फसवणूक नाही, ते माप तसेच आहे. परंतु हे माप प्रयोगशाळेत तपासले गेलेच नसेल, तर स्टिकरवर ५४० छापायला काय लागते? शाई.

दुसरी गोष्ट टिकण्याची. पहिली सौर पॅनेले अंतराळयानांवर गेली. ती जमिनीवर आणल्यावर पाऊस, दमट हवा आणि गारा यांनी त्यांची दैना होऊ लागली. अमेरिकेत पासाडेना येथील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने १९७५ पासून पॅनेलांची ठोक खरेदी टप्प्याटप्प्याने केली आणि प्रत्येक टप्प्याला चाचण्या अधिक कडक केल्या. या खरेदीच्या पाचव्या टप्प्याआधीच्या पॅनेलांपैकी ४५ टक्के पुढे क्षेत्रावर निकामी झाली, तर नंतरच्यांत हे प्रमाण ०.१ टक्क्याहूनही कमी राहिले. पॅनेल तेच काम करणारे, ऊनही तेच. विकत घेणाऱ्याने आधी परीक्षा मागितली, एवढा बदल झाला होता. त्या अनुभवातून आणि युरोपातल्या तशाच कामातून १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत तांत्रिक आयोगाचे ६१२१५ क्रमांकाचे मानक निघाले. आपल्याकडे तेच आयएस १४२८६ म्हणून स्वीकारले आहे. विजेचा धक्का, आग इत्यादी सुरक्षिततेसाठी ६१७३० हे वेगळे मानक आहे.

या परीक्षा वाचताना पॅनेलची दया येते. उणे ४० अंशांपासून ८५ अंशांपर्यंत तापवणे आणि पुन्हा गोठवणे, असे दोनशे वेळा. ८५ अंश उष्णता आणि ८५ टक्के आर्द्रता असलेल्या पेटीत एक हजार तास, म्हणजे जवळजवळ बेचाळीस दिवस-रात्र. काचेवर चौरस मीटरला सुमारे २४५ किलो भार, वाऱ्याच्या दाबाऐवजी. पाण्यात भिजवून वीज बाहेर पाझरते का ते पाहणे. आणि गारांची परीक्षा : २५ मिलिमीटर व्यासाचे बर्फाचे गोळे सेकंदाला २३ मीटर वेगाने पॅनेलच्या अकरा जागी मारतात. तासाचा हिशेब केला तर ८३ किलोमीटर. मामांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आमच्या इकडं आवळ्याएवढी गार पडते." गारपिटीने झोडपलेला बहार ज्याने पाहिला आहे त्याचे हे बोलणे खोटे नाही. २५ मिलिमीटर ही किमान अट आहे. मोठ्या गोळ्यांनीही चाचणी करता येते, परंतु ती मुद्दाम मागावी लागते.

या सगळ्या परीक्षा एकाच पॅनेलवर होत नाहीत. थोडे नमुने घेऊन ते वेगवेगळ्या चाचण्यांत वाटतात. शेवटी वीज पाच टक्क्यांहून अधिक घटलेली नसावी आणि काच-चौकट-जोड शाबूत असावेत, तर ते 'मॉडेल' उत्तीर्ण. मॉडेल, हा शब्द महत्त्वाचा. परीक्षा नमुन्याने दिली आणि प्रमाणपत्र मॉडेलला मिळाले. आपल्या धाब्यावर येणाऱ्या पॅनेलने स्वतः कुठलीच परीक्षा दिलेली नसते.

आता कायदा. भारतात १९७७-७८ मध्ये साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्सने पहिला सौर सेल आणि पहिले पॅनेल तयार केले, पण पॅनेल विकण्यापूर्वी नोंदणीची सक्ती यायला चाळीस वर्षे लागली. नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने ५ सप्टेंबर २०१७ ला तसा आदेश काढला. त्यात पॅनेलबरोबर इन्व्हर्टर आणि साठवणीच्या बॅटऱ्याही आल्या. प्रयोगशाळा थोड्या आणि चाचण्या महिनोन्‌महिने चालणाऱ्या, त्यामुळे अंमलबजावणीच्या तारखा पुढे ढकलाव्या लागल्या. २७ जानेवारी २०२५ ला या आदेशाची जागा नव्या आदेशाने घेतली आणि त्यात किमान कार्यक्षमतेची अटही आली.

नोंदणी भारतीय मानक ब्यूरोकडे होते. उत्पादकाने ब्यूरोच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना द्यायचा (बेंगळुरूला अशा प्रयोगशाळा आहेत, हे कन्नड विभागाच्या वाचकांसाठी), अहवाल घ्यायचा, अर्ज करायचा आणि माझा माल मानकाप्रमाणे आहे असे स्वतःच घोषित करायचे. मग त्याला 'आर' अक्षराने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक मिळतो. सिमेंट किंवा हेल्मेट यांवरच्या आयएसआय चिन्हापेक्षा ही पद्धत सैल आहे. आयएसआय परवान्याआधी ब्यूरोचा अधिकारी कारखान्यात जाऊन पाहतो. येथे नोंदणीपूर्वी कोणी कारखान्यात जात नाही. ब्यूरो नंतर बाजारातून नमुने उचलून तपासू शकतो. इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी २०१२ मध्ये आलेली हीच रीत सौर पॅनेलांना लावली गेली.

येथे माझ्या मनात शंका आली आणि ती मी मामांना बोलून दाखवली : नमुना जर उत्पादकच पाठवणार, तर तो उत्तमच पाठवील. मामा हसले. संत्र्याच्या पेटीत वरच्या थराला कोणती फळे लावतात, हे मला त्यांना शिकवायचे नव्हते. व्यापारी वरचा थर पाहून भाव सांगत नाही, हात आत घालून खालचे फळ काढतो.

पॅनेलच्या पेटीत हात घालण्याचे काम काही अंशी दुसरी एक यादी करते. २ जानेवारी २०१९ च्या आदेशाने 'मान्यताप्राप्त मॉडेल व उत्पादक यादी' निघाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एएलएमएम म्हणतात. या यादीत नाव येण्यासाठी ब्यूरोची नोंदणी आधी हवीच, शिवाय कारखान्याची प्रत्यक्ष तपासणी होते. पहिली यादी मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. २०२३-२४ या आर्थिक वर्षापुरती ती स्थगित होती, १ एप्रिल २०२४ पासून पुन्हा लागू झाली. सरकारी प्रकल्प, अनुदानाच्या योजना आणि नेट मीटरच्या जोडण्या यांत यादीतलेच पॅनेल चालते. सेलसाठी दुसरी यादी ठरली असून तिच्या अंमलबजावणीची तारीख १ जून २०२६ ठेवली गेली.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ही यादी केवळ गुणवत्तेची नाही. तिने आयात मालाला बाहेर ठेवले, आणि १ एप्रिल २०२२ पासून परदेशी पॅनेलांवर लावलेल्या ४० टक्के आयात शुल्काच्या जोडीने देशी कारखान्यांना आडोसा दिला. तो द्यावा की नाही हा वेगळा वाद. परंतु यादीबाहेरचे प्रत्येक पॅनेल वाईटच असते, असे त्यातून निघत नाही. शिवाय चाचणीचा खर्च पॅनेलगणिक नसतो, मॉडेलगणिक असतो. वर्षाला लाखो पॅनेले काढणाऱ्याला तो जाणवतही नाही; लहान कारखानदाराला तोच खर्च जड जातो आणि काच, मागचा पडदा किंवा आतला चिकट थर बदलला तर पुन्हा चाचणी करावी लागते. मोह होतो तो येथेच : मॉडेलचे नाव तेच ठेवायचे, आतला माल हलका घालायचा.

मोठा ग्राहक यावर उपाय करतो. तुमकूर जिल्ह्यातल्या पावगडचा सौर प्रकल्प २०५० मेगावॉटचा. अशा प्रकल्पांचे खरेदीदार आतल्या मालाची यादी करारात लिहून घेतात, माल निघण्यापूर्वी आपला तपासनीस कारखान्यात पाठवतात आणि ढिगातून स्वतः नमुने निवडतात. सहा पॅनेले घेणारे मामा कुणाला पाठवणार? त्यांच्यापाशी पॅनेलच्या पाठीवरचा शिक्का तेवढा आहे.

म्हणून आम्ही तो पाहायला गेलो. दुकानदाराचे नाव मी लिहीत नाही. त्याने आधी आयएसओचे चौकटीतले प्रमाणपत्र दाखवले. आयएसओ ९००१ कंपनीच्या कामकाजाच्या पद्धतीला मिळते, पॅनेलला नव्हे, एवढे आमच्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकातच आहे. मग पॅनेल उलटे केले. स्टिकरवर ब्यूरोचे चिन्ह होते, 'आर' क्रमांकही होता. मी तो 'बीआयएस केअर' या ॲपमध्ये घातला. क्रमांक खरा निघाला, पण तो दुसऱ्याच एका कंपनीचा होता आणि वस्तूच्या रकान्यात 'पॉवर ॲडॅप्टर' लिहिले होते. दुकानदार म्हणाला, छापताना चूक झाली असेल. असेलही. परंतु नोंदणीवाचून असा माल विकणाऱ्याला २०१६ च्या मानक ब्यूरो कायद्याने पहिल्या गुन्ह्याला किमान दोन लाख रुपये दंड ठेवला, हे त्यालाही माहीत असावे. कारण इसाराची गोष्ट काढताच त्याचा आवाज पुष्कळ खाली आला.

बाहेर पडल्यावर मी मामांना हिशेब मांडून दाखवला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला केंद्राचे ७८,००० रुपये अनुदान मिळते. त्यासाठी पॅनेल यादीतले आणि त्यातले सेलही भारतात तयार झालेले लागतात. म्हणजे तेरा हजार वाचवायला अठ्ठ्याहत्तर हजार सोडायचे, आणि नेट मीटर अडले तर जास्तीची वीज कुठे द्यायची, हा प्रश्न उरतोच. मामा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अन् इसार?"

इसारातले अडीच हजार परत मिळाले. उरलेले अडीच हजार मामांनी सोडले. ग्राहक आयोगाकडे जा असे मी सुचवले, पण जिल्ह्याच्या ठिकाणी चकरा मारायला बागेतून सवड कुणाला, असे म्हणून त्यांनी तो विषय बंद केला. मला ते पटले नाही, अजूनही पटत नाही.

पुढे दुसऱ्या विक्रेत्याकडून पॅनेले आली तेव्हा मी कॉलेजात परतलो होतो. मामांनी फोनवरून मॉडेल वाचून दाखवले, मी ते येथे बसून यादीत शोधले. 'आर' क्रमांक त्यांनी स्वतःच ॲपमध्ये घातला. सहाही पॅनेलांचे अनुक्रमांक, चढवण्याआधी, त्यांनी संत्र्याच्या वजनाच्या वहीत शेवटच्या पानावर उतरवून घेतले. एकदा ती धाब्यावर चढली की पाठ कोण पाहणार?

रात्री पुन्हा फोन आला. "भाचे, इन्व्हर्टरलेबी असा नंबर राह्यते का?"

राहतो, म्हटले. डब्याच्या बाजूला पाहा.