मिशिगन विद्यापीठाची क्रीडापरंपरा

अमेरिकेतील ॲन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठात संघटित खेळांची सुरुवात 1866 मध्ये बेसबॉलने झाली. 1879 मध्ये फुटबॉल संघ मैदानात उतरला. हा अमेरिकन फुटबॉल. यात चेंडू हातात घेऊन धावतात. 1898 मध्ये शिकागो विद्यापीठावर मिळवलेल्या विजयानंतर लुईस एल्बेल या विद्यार्थ्याने ‘द व्हिक्टर्स’ हे गीत रचले; आजही प्रत्येक सामन्यात ते वाजते.

1901 मध्ये प्रशिक्षक म्हणून आलेल्या फील्डिंग योस्ट यांच्या संघाने 1902 च्या पहिल्या रोझ बोल सामन्यात स्टॅनफर्डला 49-0 असे लोळवले. 1903 मध्ये मिनेसोटाविरुद्धचा सामना 6-6 असा बरोबरीत सुटला आणि मिशिगनचा पाण्याचा मातीचा घडा तिथेच राहिला. मिनेसोटाने तो परत देण्याऐवजी जिंकून नेण्याचे आव्हान दिले. तेव्हापासून हा ‘लिटल ब्राऊन जग’ या दोन संघांतील विजेत्याकडे जातो.

1927 मध्ये उभ्या राहिलेल्या मिशिगन स्टेडियममध्ये आज एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. शिरस्त्राणावरील पंखांसारखी पिवळी नक्षी प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिसलर यांनी 1938 मध्ये आणली. चेंडू फेकणाऱ्याला आपला खेळाडू चटकन ओळखता यावा, हा त्यामागचा हेतू. महिलांच्या संघांना मात्र अधिकृत दर्जा मिळायला 1973 उजाडले. शिक्षणातील लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ कायदा त्याच्या आदल्याच वर्षी झाला होता.