नगरपालिकेचा एक ठराव

नगरपालिका म्हटली म्हणजे पाण्याचा नळ, रस्त्यावरचा दिवा आणि घरपट्टीची पावती एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. यांत शिकण्यासारखें काय आहे, असें आमच्या विद्यार्थ्यांस वाटलें तर नवल नाहीं. इतिहासाच्या पुस्तकांत लढाया व तह असतात. गटाराच्या ठरावास तेथें जागा मिळत नाहीं. आपल्या जामखेड तालुक्यांतील खर्डें येथें १७९५ सालीं झालेली लढाई लहान मुलांसही ठाऊक असते. परंतु गांवाचा कारभार कसा चालतो, हें पुष्कळ सुशिक्षितांसही सांगतां येत नाहीं. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीं आपल्या प्रांतांतील नगरपालिका आपले रोजचे निर्णय कसे करीत, हें येथें थोडक्यांत सांगून, तसल्याच एका साध्या निर्णयाची हकीकत आम्ही देणार आहों.

१८५० सालच्या २६ व्या कायद्यानें गांवोगांवीं नगरपालिका स्थापण्याची सोय झाली. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणची नगरपालिका १८५४ सालीं स्थापन झाली. आरंभीं बहुतेक सत्ता सरकारी अधिकाऱ्यांच्या हातीं असे. १८८२ सालीं लॉर्ड रिपन यांनीं स्थानिक स्वराज्याविषयीं ठराव केला, तेव्हांपासून लोकांनीं निवडलेले सभासद वाढूं लागले. पुढें मुंबई शहराखेरीज इलाख्यांतील इतर गांवांसाठीं १९०१ सालचा जिल्हा म्युनिसिपल कायदा आला. रस्ते झाडणें व दिवे लावणें, गटारें बांधणें, पिण्याचें पाणी पुरविणें, आग विझविणें, जन्ममृत्यूंची नोंद ठेवणें, देवी टोंचणें, दवाखाने व प्राथमिक शाळा चालविणें, अशीं कामें नगरपालिकांकडे असत. यासाठीं पैसा येई तो मुख्यतः जकात, घरपट्टी व पाणीपट्टी यांतून. जकात आतां राहिली नाहीं, पट्ट्या आहेत.

निर्णयाची रीति अशी होती, आणि पुष्कळ अंशीं आजही तशीच आहे. सभेपूर्वीं सभासदांस विषयांची यादी धाडावयाची. सभेंत एकानें सूचना मांडावयाची, दुसऱ्यानें तीस अनुमोदन द्यावयाचें. कोणास फेरफार हवा असल्यास त्यानें उपसूचना आणावी. मग मतें घेऊन बहुमतानें ठराव व्हावयाचा व तो कामकाजाच्या पुस्तकांत लिहिला जावयाचा. पुस्तकांतील भाषा अगदीं कोरडी असते. अमुक रस्त्यावर रॉकेलचे चार कंदील लावावे. अमक्याचा ओटा रस्त्यांत आला आहे, तो काढवावा. अमुक विहिरीचा गाळ उपसावा. परंतु या कोरड्या ओळींच्या मागें नेहमीं एक निवड असते. पैसा थोडा व गरजा पुष्कळ. चार कंदील पेठेंत लागले म्हणजे गांवकुसाबाहेरच्या वस्तींत अंधार राहतो. दिवा कोणाच्या दारापुढें लागावा, हा प्रश्न दिसण्यांत तेलाचा आहे. परंतु खरें पाहतां तो न्यायाचा आहे.

थोर पुरुषांनीं हें ओळखिलें होतें. वरिष्ठ कायदेमंडळांत साऱ्या हिंदुस्थानच्या अंदाजपत्रकावर भाषणें करणारे नामदार गोपाळ कृष्ण गोखले पुणें नगरपालिकेचे अध्यक्षही होते. सरदार वल्लभभाई पटेल यांनीं १९२४ ते १९२८ पर्यंत अहमदाबादच्या नगरपालिकेचें अध्यक्षपद सांभाळलें. गटारें व झाडलोट यांचा विचार करण्यांत त्यांस कमीपणा वाटला नाहीं.

पाण्याचेंच उदाहरण घेऊं. आपल्या तालुक्यांतील चौंडी येथें जन्मलेल्या अहिल्यादेवी होळकरांनीं ठिकठिकाणीं विहिरी व घाट बांधिले, हें सर्वांस माहीत आहे. तें राजदान होतें. नगरपालिका आली तेव्हां पाणी पुरविणें हें दान न राहतां कायद्यानें नेमून दिलेलें कर्तव्य झालें. एकाचें जें कर्तव्य, तो दुसऱ्याचा हक्क. मग प्रश्न उभा राहिला कीं, सार्वजनिक तळें म्हणजे नेमकें कोणाचें? हा प्रश्न कोंकणांत, त्या वेळच्या कुलाबा व आतांच्या रायगड जिल्ह्यांतील महाड गांवीं कसोटीस लागला.

महाडास चवदार तळें नांवाचें मोठें तळें आहे. त्याचें पाणी स्पृश्य हिंदु भरीत, मुसलमानही भरीत. अस्पृश्य मानलेल्या लोकांस मात्र तेथें मज्जाव होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं रा. सीताराम केशव बोले यांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत असा ठराव मंजूर करून घेतला कीं, सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने इत्यादि ठिकाणीं अस्पृश्यांस मोकळीक असावी. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेनें जानेवारी १९२४ मध्यें आपलें तळें सर्वांस खुलें केल्याचा ठराव केला. सूचना, अनुमोदन, मतें, नोंद. सारें रीतसर झालें.

आणि पुढें काय झालें? तीन वर्षें कांहींच नाहीं. ठराव पुस्तकांत राहिला व तळें होतें तसेंच राहिलें. ज्यांच्यासाठीं ठराव झाला होता, त्यांस काठावर जाण्याचें भय वाटे. आणि तें भय दूर करणें हें आपलें काम आहे असें कोणी मानिलें नाहीं. शेवटीं महाडास भरलेल्या परिषदेनंतर २० मार्च १९२७ रोजीं डॉ. भीमराव आंबेडकर हजारों लोकांसह शांतपणें तळ्यावर गेले व तेथें पाणी प्याले. थोड्याच वेळांत, हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार, अशी खोटी आवई उठली व परतणाऱ्या मंडळींस मारहाण झाली. मागाहून तळ्याची 'शुद्धि' करण्यांत आली. ४ ऑगस्ट १९२७ रोजीं, म्हणजे बोले यांच्या ठरावास बरोबर चार वर्षें झालीं त्याच दिवशीं, महाडच्या नगरपालिकेनें आपला १९२४ चा ठराव रद्द केला. हेंही रीतसर, बहुमतानेंच झालें.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कांहीं गांवकऱ्यांनीं, तळें आमचें आहे व इतरांस न येऊं देण्याची वहिवाट जुनी आहे, असा दावा दिवाणी कोर्टांत लाविला. तो चालत चालत मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला. १७ मार्च १९३७ रोजीं हायकोर्टानें निकाल दिला कीं, ज्या वहिवाटीचा आधार घेतला ती अनादिकालापासूनची असल्याचें वादींस सिद्ध करतां आलें नाहीं. एक घोट पाण्यासाठीं दहा वर्षें लागलीं.

या हकीकतींत आमच्या वाचकांनीं दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. पहिली, ठराव होणें व तो अमलांत येणें यांत मोठें अंतर असतें, आणि तें तोडण्यास धैर्याचीं माणसें लागतात. दुसरी, बहुमत ही निर्णयाची रीति आहे. ती न्यायाची हमी नव्हे. एकाच सभागृहानें एकदां तळें उघडलें व पुढें तेंच पुन्हां बंद केलें. म्हणूनच १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमांत विहिरी, तळीं व स्नानाचे घाट यांचा स्पष्ट उल्लेख करून, त्यांच्या वापरास जातीमुळें कोणास आडकाठी होऊं नये असें लिहून ठेविलें आहे. जें एका गांवाच्या सभेच्या मर्जीवर होतें, तें आतां कोणत्याही सभेच्या बहुमतानें काढून घेतां येत नाहीं.

हें सांगतांना आम्ही ख्रिस्ती लोकांनीं दुसऱ्याकडे बोट दाखवूं नये. आपला प्रभु याकोबाच्या विहिरीवर तहानलेला बसला होता, तेव्हां ज्या शोमरोनी लोकांशीं यहूदी व्यवहार ठेवीत नसत त्यांच्यांतील एका स्त्रीजवळ त्यानें स्वतः पाणी मागितलें. ही कथा आपण दर वर्षीं वाचतों; तरीही जातीचा अभिमान आपल्या मंडळ्यांच्या दाराशीं गळून पडला, असें आम्हांस म्हणवत नाहीं.

आतां आपल्या जामखेडासही नगरपरिषद आहे. आपला मुलूख कमी पावसाचा. पाऊस ओढ धरतो त्या वर्षीं टँकर कोणत्या गल्लींत आधीं जावा व कोणत्या वस्तींत शेवटीं, हा निर्णय कोणीतरी करितोच. पालकांस आमची विनंती आहे कीं, पट्टी भरून पावती घेतली म्हणजे आपलें काम संपलें असें त्यांनीं मानूं नये. ठराव काय झाला व त्याचें पुढें काय झालें, हें विचारावें. आणि विद्यार्थ्यांनीं आजपासून एक करावें. शाळेच्या नळावर रांग लागते तेव्हां शेवटीं कोण उभा राहतो, तो रोज तोच असतो कीं काय, इकडे लक्ष द्यावें. 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ तेथेंच शिकावयाचा आहे.