बंद करा, पुन्हा चालू करा!

कॉम्प्युटर अडकला की घरोघरी एकच सल्ला ऐकू येतो. माउस हलत नाही? "बंद करून चालू कर." मोबाइल ढिम्म झालाय? "बंद करून चालू कर." वायफाय दिसतंय पण इंटरनेट नाही? "अरे, तो डबा बंद करून चालू कर!" काकांपासून शेजारच्या दादापर्यंत आणि शाळेतल्या सरांपासून कस्टमर केअरच्या ताईंपर्यंत सगळ्यांकडे औषध एकच. डोकं दुखो नाहीतर पोट, वैद्यबुवांची पुडी आपली तीच!

आणि दोस्तांनो, गंमत म्हणजे पुष्कळदा या पुडीने गुण येतोसुद्धा. आता तुम्ही म्हणाल, "ही काय जादू आहे? यंत्रात काही बिघडलं असेल, तर नुसतं बंद-चालू करून ते दुरुस्त कसं होईल?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर कळलं, की घरच्या कॉम्प्युटरची निम्मी दुखणी तुमची तुम्हालाच ओळखता येतील. शिवाय ही पुडी कुठे चालत नाही, हेही समजेल. ते समजणं तर फारच महत्त्वाचं. या एका गोष्टीपायी माणसांचे जीव गेलेले आहेत, बरं का!

ओट्यावरचा पसारा

तुमच्या स्वयंपाकघराची कल्पना करा. डाळ-तांदूळ, पीठ-मीठ सगळं फडताळात असतं. स्वयंपाक करताना मात्र लागेल तेवढं काढून ओट्यावर मांडावं लागतं. कॉम्प्युटरचंही तसंच असतं. तुमची गाणी, फोटो, प्रोजेक्ट ही सगळी हार्ड डिस्कच्या फडताळात असतात. काम सुरू झालं, की लागणारी माहिती रॅम नावाच्या ओट्यावर येते. फडताळ मोठं असतं आणि वीज गेली तरी त्यातलं जागच्या जागी राहतं. ओटा लहान, पण हाताशी. वीज गेली, की तो मात्र साफ रिकामा होतो.

शहाणा प्रोग्रॅम आपलं काम झालं की ओट्यावरची जागा मोकळी करतो. पण सगळेच प्रोग्रॅम शहाणे कुठले असायला! एखादा विसराळू प्रोग्रॅम भांडी काढत जातो आणि परत ठेवायचं नावच घेत नाही. तासा-तासाने पसारा वाढतो. शेवटी ओट्यावर चमचा ठेवायलाही जागा उरत नाही आणि कॉम्प्युटर रेंगाळू लागतो. यालाच तंत्रज्ञ 'मेमरी लीक' म्हणतात. कधी दोन प्रोग्रॅम एकमेकांची वाट बघत बसतात. "आधी तू, आधी तू" करत दोघेही दारातच अडकतात!

रीस्टार्ट केलं, की ओटा धुऊनपुसून लख्ख होतो. सगळे प्रोग्रॅम पहिल्यापासून, ठरलेल्या क्रमाने सुरू होतात. अडकलेल्यांची अडचण सुटते. जादूबिदू काही नाही. पसारा आवरला, इतकंच!

पण एक लक्षात घ्या. ओटा आवरला, तरी तो विसराळू प्रोग्रॅम काही सुधारला नाही. तो उद्या पुन्हा पसारा मांडणारच.

मीटर फिरून शून्यावर

दुसरं एक दुखणं याहून मजेदार आहे. जुन्या स्कूटरचं किलोमीटरचं मीटर पाहिलंय? पाच आकड्यांचं मीटर ९९९९९ पर्यंत जातं. पुढच्या किलोमीटरला काय दिसतं? ०००००! मीटरला वाटतं, गाडी कोरी करकरीत आहे.

कॉम्प्युटरच्या आतही अशी मोजणी चालू असते. विंडोज ९५ आणि विंडोज ९८ मध्ये चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजले जात. ही मोजणी ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतच जाऊ शकत होती. हिशोब केलात तर हे होतात सुमारे ४९.७ दिवस. तेवढा वेळ कॉम्प्युटर सलग चालू राहिला, तर मोजणी शून्यावर येऊन तो गप्पकन अडकू शकत असे. ही खोड उघडकीला आली १९९९ मध्ये. इतकी वर्षं ती कुणाच्या लक्षात कशी आली नाही? कारण सोपं आहे. त्या काळी बहुतेकांचा कॉम्प्युटर पन्नास दिवस सलग चालायचाच नाही. त्याआधीच दहा वेळा रीस्टार्ट झालेला असायचा!

हसू आलं ना? आता पुढचं ऐका. २०१५ मध्ये बोइंग ७८७ या प्रवासी विमानातही असाच दोष सापडला. त्याच्या जनित्रांवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेतली एक मोजणी २४८ दिवस सलग वीज चालू राहिल्यावर ओसंडत होती. तसं झालं तर विमानाची मुख्य वीजच जाण्याचा धोका होता. नशिबाने हे प्रयोगशाळेतल्या चाचणीत कळलं. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने लगेच आदेश काढला. कायमचा इलाज होईपर्यंत ठराविक मुदतीत विमानाची वीज पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा! म्हणजे तुमच्या काकांचा सल्ला सरकारी कागदावर आला म्हणायचा.

एक तृतीयांश सेकंद

पण प्रत्येक वेळी नशीब साथ देत नाही.

१९९१ सालची गोष्ट. आखाती युद्ध चालू होतं. सौदी अरेबियातल्या धाहरान शहरात अमेरिकी सैन्याची 'पेट्रियट' नावाची यंत्रणा होती. शत्रूचं क्षेपणास्त्र येताना हेरायचं आणि हवेतच पाडायचं, हे तिचं काम. त्यासाठी तिला वेळेचा अगदी काटेकोर हिशोब ठेवावा लागे.

तिचं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजत असे. इथेच खरी गोम होती. दहाला तीनने भागलं तर उत्तर ३.३३३३... असं संपतच नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तसंच कॉम्प्युटरच्या द्विमान पद्धतीत एक दशांश हा आकडाही कधी संपत नाही. मग शेपूट कापावं लागतं. एका वेळची चूक इतकी बारीक, की धरायला गेलं तर हाती लागणार नाही. पण थेंबे थेंबे तळे साचे! यंत्रणा जितका वेळ सलग चालेल, तितकी चूक साचत जाई.

२५ फेब्रुवारीला ती यंत्रणा शंभर तासांहून अधिक काळ सलग चालू होती. घड्याळ सुमारे एक तृतीयांश सेकंदाने चुकलं होतं. पापणी लवायला लागतो तेवढाच हा वेळ. पण स्कड क्षेपणास्त्र सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त वेगाने येतं. एक तृतीयांश सेकंदात ते अर्धा किलोमीटर पुढे गेलेलं असतं. पेट्रियटने भलत्याच जागी पाहिलं. तिथे काहीच नव्हतं, म्हणून तिने काहीच केलं नाही. क्षेपणास्त्र सैनिकांच्या निवाऱ्यावर पडलं आणि २८ जण ठार झाले.

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. सलग चालवलं तर नेम चुकतो, हे आधीच लक्षात आलेलं होतं. इस्रायलने दोन आठवड्यांपूर्वीच तसं कळवलं होतं. "फार वेळ सलग चालवू नका," असा निरोप सैन्याला गेलाही होता. पण 'फार वेळ' म्हणजे किती तास, हे त्यात लिहिलंच नव्हतं! रीस्टार्ट करायला एक-दीड मिनिट पुरलं असतं. सुधारलेला प्रोग्रॅम धाहरानला पोहोचला २६ फेब्रुवारीला. एक दिवस उशिरा.

पाहा दोस्तांनो, रीस्टार्ट करायचं हे नुसतं माहीत असून भागत नाही. का करायचं आणि कधी करायचं, हेही नीट माहीत हवं.

मंगळावरची दोन याने

पृथ्वीवर निदान बटण दाबायला माणूस असतो. मंगळावर कोण दाबणार?

४ जुलै १९९७ रोजी 'पाथफाइंडर' हे यान मंगळावर उतरलं. काही दिवसांतच त्याचा कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट होऊ लागला. त्यात एक पहारेकरी बसवलेला होता. महत्त्वाचं काम वेळेत झालं नाही, की तो सगळं बंद करून पुन्हा चालू करी. त्यामुळे यान वाचलं. पण शास्त्रज्ञ तेवढ्यावर खूश झाले नाहीत. त्यांनी पृथ्वीवरच्या तशाच दुसऱ्या कॉम्प्युटरवर तोच घोटाळा मुद्दाम घडवून आणला. एक किरकोळ काम सामाइक किल्ली धरून बसत होतं, मधलीच कामं त्याच्या आड येत होती आणि सर्वांत महत्त्वाचं काम ताटकळत होतं. कारण सापडल्यावर त्यांनी दुरुस्ती थेट मंगळावर पाठवली!

जानेवारी २००४ मध्ये 'स्पिरिट' या गाडीची कथा उलटी झाली. ती तीन दिवसांत साठांहून जास्त वेळा रीस्टार्ट झाली, तरी ताळ्यावर येईना. का? कारण बिघाड ओट्यावर नव्हता, फडताळात होता. तिच्या कायमच्या साठ्यात फायलींची फार गर्दी झाली होती. दर वेळी चालू होताना ती तेच फडताळ उघडायची आणि पुन्हा अडकायची. शेवटी तिला साठा बाजूला ठेवून जागं केलं गेलं आणि मग सफाई झाली. नव्वद मंगळ-दिवसांसाठी पाठवलेल्या या गाडीचा निरोप त्यानंतर २०१० पर्यंत येत राहिला.

१९ जुलै २०२४ ला जगभर नेमकं हेच घडलं. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रॅमची एक सदोष फाइल विंडोजच्या सुमारे ८५ लाख कॉम्प्युटरवर अडचण होऊन बसली. पडदे निळे पडले, विमानं खोळंबली. आपल्याकडे काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले! रीस्टार्ट केलं तरी तीच फाइल पुन्हा उघडली जाई. कितीतरी ठिकाणी माणसांनी एकेका कॉम्प्युटरजवळ बसून ती फाइल हाताने काढून टाकली.

मग आपण काय करायचं?

पहिली गोष्ट. सगळंच अडकलेलं नसेल, तर सगळंच बंद करू नका. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ज्या प्रोग्रॅमने मान टाकली असेल, तेवढाच बंद करा. बाकीची कामं सेव्ह करा, मगच रीस्टार्ट.

दुसरी गोष्ट. 'शट डाउन' आणि 'रीस्टार्ट' म्हणजे एकच, असं वाटतं ना? तसं नाही! विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज आपला थोडा पसारा फडताळात जपून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तसाच बाहेर काढतं. रीस्टार्टमध्ये मात्र खरी सफाई होते. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' पानावर 'अप टाइम' पाहा. रोज रात्री बंद होणारा कॉम्प्युटर 'मी वीस दिवस चालू आहे' असं सांगेल, तर दचकू नका!

तिसरी गोष्ट. बटण दाबून धरून किंवा प्लग ओढून बंद करणं हा अगदी शेवटचा उपाय. फाइल लिहिली जात असताना वीज तोडली, तर ती अर्धवट राहते. 'अपडेट चालू आहे, बंद करू नका' असं दिसत असेल, तर कितीही कंटाळा आला तरी थांबा.

चौथी गोष्ट. वायफायचा डबा बंद केल्यावर अर्धा मिनिट दम धरा, मग चालू करा. मोबाइल आठवड्यातून एकदा तरी बंद करून चालू करा. फक्त ओट्यावर लपणारे काही हेरगिरीचे प्रोग्रॅम त्याने निघून जातात. सगळे जातात असं मात्र समजू नका.

पाचवी गोष्ट. हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येतोय? तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. हे फडताळाचं दुखणं आहे. बंद करा आणि जाणकाराला दाखवा.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे एक छोटी वही. कॉम्प्युटर अडकला की तारीख, त्या वेळी काय चालू होतं, किती वेळ चालू होतं आणि पडद्यावर कोणता संदेश आला, एवढंच लिहा. एकदा अडकला तर रीस्टार्ट करा आणि विसरून जा. तीनदा तसाच अडकला, तर वही उघडा. 'तीनही वेळा तोच गेम चालू होता' किंवा 'तीनही वेळा तोच पेन ड्राइव्ह लावला होता' असं काही तरी दिसेल. गुन्हेगार सापडला! दुरुस्तीला आलेल्या काकांना "सारखा बंद पडतो हो" असं सांगण्यापेक्षा ही वही दाखवलीत, तर त्यांचा वेळ वाचेल आणि घरच्यांचे पैसेही.

रीस्टार्ट हे प्रथमोपचाराच्या पेटीतलं औषध आहे. ते जरूर हाताशी ठेवा. पण ताप उतरला म्हणजे आजार गेला, असं नव्हे. तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "बंद करून चालू कर," तर अवश्य करा. आणि यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत जो मिनिटभर मिळतो, त्यात स्वतःला विचारा, "पण हे अडकलं का?"