विश्लेषण : संगणकात शिरलेला हेर दिसत का नाही?

पुणे-नगर रस्त्यावरील कोरेगाव भीमा येथे १ जानेवारी २०१८ रोजी हिंसाचार झाला. त्याच्या तपासात जप्त झालेल्या एका लॅपटॉपने पुढे वेगळाच प्रश्न उभा केला. मालकाला पत्ता न लागता एखादे सॉफ्टवेअर दोन-दोन वर्षे संगणकात राहू शकते का? या लॅपटॉपची जी तपासणी झाली, तिच्यातून अशा सॉफ्टवेअरची कार्यपद्धती मिनिटांच्या हिशेबाने समोर आली. त्याच जातकुळीची सॉफ्टवेअर आज नगर जिल्ह्यातील सेवा केंद्रे, डीटीपीची दुकाने आणि घरातल्या जुन्या संगणकांपर्यंत पोहोचू शकतात.

लॅपटॉपचे प्रकरण काय?

३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. तिच्याशी संबंधित गुन्ह्यात पुणे पोलिसांनी १७ एप्रिल २०१८ रोजी दिल्लीत रोना विल्सन यांच्या घराची झडती घेऊन लॅपटॉप ताब्यात घेतला. त्यातील पत्रे हा आरोपांचा मोठा आधार ठरला. पंतप्रधानांच्या हत्येच्या कटाचा उल्लेख असलेले पत्रही त्यातलेच. जानेवारी २०२० मध्ये तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे (एनआयए) गेला.

बचाव पक्षाला डिस्कची प्रत मिळाल्यावर ती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या ‘अर्सेनल कन्सल्टिंग’ या डिजिटल न्यायवैद्यक संस्थेकडे गेली. विल्सन यांच्या लॅपटॉपवर सुमारे २२ महिने परक्याचा ताबा होता आणि दहा महत्त्वाची कागदपत्रे बाहेरून आणून ठेवली गेली, असा निष्कर्ष अर्सेनलने फेब्रुवारी २०२१ मध्ये मांडला. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग आणि फादर स्टॅन स्वामी यांच्या संगणकांबाबतही त्यांचे नंतरचे अहवाल तसेच होते.

एनआयएला हे मान्य नाही. न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या अहवालात कोणतेही घातक सॉफ्टवेअर आढळलेले नाही, अशी यंत्रणेची भूमिका आहे. विल्सन यांना जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला तो दीर्घ काळच्या कोठडीच्या मुद्द्यावर. पुरावा खरा की पेरलेला, याचा निवाडा त्यात नाही. तो खटल्यात व्हायचा आहे.

शिरकाव कसा झाला?

अर्सेनलच्या अहवालानुसार दिवस होता १३ जून २०१६. विल्सन यांना त्या दिवशी परिचितांपैकी एक, वरवरा राव, यांच्या ईमेल खात्यावरून एकामागून एक मेल आले. खाते वापरणारी व्यक्ती जोडलेली फाइल उघडण्याचा आग्रह धरत होती. दुवा ‘ड्रॉपबॉक्स’चा वाटत होता, पण नेत होता हल्लेखोराच्या सर्व्हरकडे. सायंकाळी विल्सन यांनी ती फाइल उघडली. पडद्यावर एक साधे कागदपत्र दिसले आणि त्याच वेळी मागच्या बाजूने ‘नेटवायर’ नावाचे सॉफ्टवेअर बसले.

ओळखीच्या माणसाकडून मेल आला, फाइल उघडली, आत अपेक्षित तेच दिसले. संशय यावा कशाचा? वाचायला मिळालेले कागदपत्र हे केवळ आमिष असते. फाइल उघडलीच नसती तर माणसाने पुन्हा विचारले असते, म्हणून काहीतरी दाखवणे हल्लेखोराला भागच असते.

नेटवायर कोणत्या गुप्तचर संस्थेने खास बनवलेले नव्हते. ते इंटरनेटवर उघड विकत मिळत असे. दाबलेली प्रत्येक कळ नोंदवणे, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काढणे, पडद्याची छायाचित्रे घेणे, दुरून फाइली नेणे किंवा ठेवणे, एवढे सगळे ते करू शके. मार्च २०२३ मध्ये अमेरिकी यंत्रणांनी त्याच्या विक्रीचे संकेतस्थळच ताब्यात घेतले.

लपतो कुठे?

चित्रपटात संगणक ‘हॅक’ झाला की पडदा लाल होतो. खऱ्या हेराला पडद्यावर यायचेच नसते. संगणक चालू झाला की आपणही चालू व्हावे, एवढीच त्याची पहिली गरज. त्यासाठी तो विंडोजच्या ‘रजिस्ट्री’त, म्हणजे संगणकाच्या सेटिंगच्या नोंदवहीत, आपले नाव लिहितो किंवा ठरावीक वेळी आपोआप होणाऱ्या कामांच्या यादीत घुसतो. या दोन्ही जागा उघडून बघण्याची वेळ सामान्य वापरकर्त्यावर कधी येत नाही.

दुसरी युक्ती नावाची. विंडोजमध्ये ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाच्या अनेक प्रक्रिया एकाच वेळी चालू असतात. हेर तेच नाव घेतो. खरी फाइल विंडोजच्या ‘सिस्टिम ३२’ या फोल्डरमध्ये असते, तोतया दुसऱ्याच एखाद्या फोल्डरमध्ये; पण यादीत दोघेही सारखेच दिसतात. काही हेर तर स्वतःची वेगळी प्रक्रियाही ठेवत नाहीत, चालू असलेल्या खऱ्या प्रोग्रॅमच्या मेमरीत जाऊन बसतात.

काम झाल्यावर निघून जाणे, हाही लपण्याचाच प्रकार. स्टॅन स्वामी यांचा संगणक १२ जून २०१९ रोजी जप्त झाला. त्याच्या आदल्याच दिवशी हल्लेखोराने आपल्या खुणा पुसण्याची मोहीम चालवली, असे अर्सेनल डिसेंबर २०२२ च्या अहवालात म्हणते. तोवर स्वामी हयात नव्हते. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाची वाट पाहत असताना त्यांचे निधन झाले होते.

अँटिव्हायरस काय करतो?

तो प्रामुख्याने ओळखीचे चेहरे पकडतो. माहीत असलेल्या घातक फाइलींचे ‘ठसे’ त्याच्याकडे असतात. तीच फाइल नव्या वेष्टनात गुंडाळली की ठसा बदलतो. याच कार्यकर्त्यांवरील हल्ल्यांचा मागोवा घेणाऱ्या ‘सेंटिनलवन’ या कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये आणखी एक युक्ती नोंदवली : तीनशे एमबीपर्यंतच्या ‘रार’ फाइली. एवढी मोठी फाइल तपासणीतून निसटावी, हा त्यामागचा हिशेब असावा. त्याआधी हेच हल्लेखोर ‘पीडीएफ’ असे नाव लावून त्यापुढे ‘ईएक्सई’ जोडलेल्या फाइली पाठवत. विंडोज शेवटची अक्षरे मुळातच लपवते, त्यामुळे वापरकर्त्याला दिसते ते फक्त ‘पीडीएफ’.

फाइल बाहेरून आली, हे कळते कसे?

विल्सन यांच्या लॅपटॉपवर ‘वर्ड’ची जी आवृत्ती होती, तिच्यापेक्षा नव्या आवृत्तीत काही कागदपत्रे तयार झाली होती आणि ती नवी आवृत्ती त्या लॅपटॉपवर नव्हती. ज्या लपवलेल्या फोल्डरमध्ये ती होती, तो मालकाने उघडल्याचीही खूण नव्हती. अर्सेनलच्या युक्तिवादाचा कणा हाच.

पोलिस डिस्क जप्त करतात तेव्हा तिची ‘हॅश व्हॅल्यू’ काढतात. हा आतल्या मजकुरावरून निघणारा आकडा. एक अक्षर बदलले तरी आकडा बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात तो नोंदवावा लागतो. मात्र हॅश सांगते ते जप्तीनंतर काही बदलले की नाही, एवढेच. जप्तीच्या आधी त्या डिस्कवर कोण काय ठेवून गेले, याबद्दल ती मुकी असते. ते शोधायला रजिस्ट्री, मेमरीचे अवशेष आणि फाइलींच्या वेळा उकराव्या लागतात. त्याला महिने लागतात आणि पैसाही.

सेवा केंद्राचा काय संबंध?

विल्सन यांच्यावर कुणीतरी नेम धरला होता. शेवगाव-पाथर्डीतल्या सेवा केंद्रावर कोणी नेम धरण्याची गरज नाही. तेथे जाळे टाकले की मासे येतात. ‘इन्फोस्टीलर’ म्हणजे माहितीचोर सॉफ्टवेअर पुरावे पेरत नाही. काही मिनिटांत हाती लागेल ते घेऊन जाते. यातल्या ‘लुम्मा’ या एकाच चोराने १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत जगभरात ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज संगणक बाधित केल्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले होते.

वाट बहुतेकदा फुकटच्या सॉफ्टवेअरची असते. डीटीपीच्या किंवा फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरची ‘क्रॅक’ प्रत उतरवताना ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना येते आणि ती पाळलीही जाते. चोराला मालकानेच दार उघडून द्यायचे, असा हा मामला. अलीकडे ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ अशी बनावट चौकटही दिसते. ती विंडोजचे बटण आणि ‘आर’ एकत्र दाबायला, मग ‘पेस्ट’ करून एंटर मारायला सांगते. खरी पडताळणी असे कधीच सांगत नाही. त्या एंटरने संगणक परक्याचा आदेश पाळतो.

पासवर्डपेक्षाही मौल्यवान असते ती ‘सेशन कुकी’. एकदा लॉगिन झाल्यावर संकेतस्थळ ब्राउझरला जो परवाना देते, तो. चोराने तो उचलला की बऱ्याच संकेतस्थळांवर पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही येत नाही. कारण लॉगिन आधीच झालेले आहे. एका केंद्राच्या संगणकावर दिवसभरात किती शेतकऱ्यांचे आधार, बँक पासबुक आणि सातबारे उघडले जातात, हे आठवले की नुकसान एका दुकानदाराचे राहत नाही.

शंका आली तर?

पहिली चूक त्याच संगणकावरून पासवर्ड बदलण्याची होते. नवा पासवर्डही त्याच चोराच्या हाती जातो. आधी इंटरनेट तोडावे. दुसऱ्या, स्वच्छ मोबाइलवरून ईमेलचा पासवर्ड बदलावा आणि ‘सर्व उपकरणांतून बाहेर पडा’ हा पर्याय वापरावा, कारण चोरीची कुकी त्यानेच निकामी होते. मग बँक. पैसे गेले असतील तर १९३० हा क्रमांक लगेच फिरवावा. जितका उशीर तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकते.

‘फॉरमॅट मारून टाक’ हा दुरुस्तीवाल्याचा सल्ला एरवी योग्यच. पण पोलिसांत तक्रार द्यायची असेल तर फॉरमॅटबरोबर चोराच्या खुणाही जातात. अशा वेळी जुनी डिस्क काढून बाजूला ठेवावी आणि नव्या डिस्कवर विंडोज टाकावे. फाइलींची शेवटची अक्षरे दिसू लागण्यासाठी फोल्डरच्या ‘व्ह्यू’ यादीत ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ समोर खूण करावी लागते. बिलाच्या किंवा नोटिशीच्या नावाने आलेल्या फाइलीच्या शेवटी ‘ईएक्सई’ दिसले, तर ती न उघडता काढून टाकावी.